कोबा आणि स्क्रूंची पेटी

क्लोके, मिनेसोटा
२७ एप्रिल २००८

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा येतो, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे?

सोल्वेगची शाळा यंदा संपते. ७ जूनला पार्टी आहे आणि पोरीनं हट्ट धरलाय की ती आजोबांच्याच गॅरेजमध्ये व्हायला हवी. मारेनही हो म्हणाली. तिच्या आईला, माझ्या जॉइसला, शेवटचा निरोप दिला त्या दिवसानंतर, म्हणजे चार वर्षांनी, माझी लेक माझ्या दारात येणार. ती नुसती येते म्हणाली तर मी दोन दिवस शिट्टी वाजवत हिंडलो.

पण गॅरेजचा कोबा बघवत नाही. गाडीच्या चाकांबरोबर येणाऱ्या, रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठानं तो पार खाल्लाय. झाडला की निम्मा सुपलीत येतो. तिचं पाऊल असल्या भुकटीत पडता कामा नये, म्हणून त्यावर लेप द्यायचं ठरवलंय. हे जावईबापूंच्या कानावर गेलं. रॉडनी काय, दिवसभर रंगाच्या दुकानात उभा राहून डबे हलवणार आणि घरी येऊन जगाला शहाणपण शिकवणार! त्यानं सोल्वेगच्या हाती चिठ्ठी धाडली, पेन्सिलीनं, दोन्ही बाजू भरून. म्हणे आधी कोब्यावर पाण्याचे थेंब टाका. थेंब मुरले नाहीत तर यंत्रानं घासून घ्या. एका डब्यातला रंग नको, दोन डबे एकत्र करायचा लेप घ्या, आणि कालवल्यावर थांबू नका, बादलीत राहिला तर तो तापतो. मी एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत यंत्रं सांभाळली. मला हा थेंब टाकायला शिकवणार!

सध्या फळ्या रिकाम्या करतोय. चार बरण्या आणि एक लाकडी पेटी भरून नुसते स्क्रूच निघाले.

कान गेले तरी माया शाबूत ठेव.
तुझा,
व्हर्लिन


फार्गो
४ मे २००८

चि. व्हर्लिन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझी अक्कल कुठे आहे ते कळव.

लाकडी पेटी भरून स्क्रू? कुठली पेटी रे? कोपरे गोल केलेली, झाकणावर बर्चचं पान कोरलेली? तीच असेल तर लाज वाटू दे. रॉडनीनं ती जॉइसच्या अस्थींसाठी तीन आठवडे खपून केली होती. तू अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात, सगळे हॅमचे बन खात असताना, ती हातात फिरवलीस आणि म्हणालास, हे जरा वेगळंच आहे. मग जॉइसला दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंस. आपल्यात ‘वेगळंच आहे’ म्हणजे काय ते मला सांगायला येऊ नकोस. मिसेस फ्लाटेनच्या जेलीत गाजर आणि कोळंबी निघाली तेव्हा आपण सगळे तेच म्हणालो होतो. मारेन तुझ्यावर का रुसली याचा तू चार वर्षं विचार करतोयस. मी तर त्याच दिवशी मोटारीत बसेपर्यंत समजले होते.

बाबाही शब्दांचे कंजूषच. पण त्यांनी आयुष्यात दोनदा तरी ‘वाईट नाही’ म्हटलं, एकदा ट्रॅक्टरला आणि एकदा आईला. तुझं खातं अजून कोरंच आहे.

लेपाचं म्हणशील तर डबे हलवणाऱ्याला यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला बोलाव.

रागावलास तरी लिहीत जा, मी रागावूनच वाचते.
तुझी,
आर्डिस


क्लोके
१८ मे २००८

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

पेटी तीच. पुढे काही विचारू नकोस.

आता खाली लिहितोय ते वाचून हसशील, तर एकटीच हस. रॉडनीच्या दुकानात पाय ठेवायचा नव्हता, म्हणून लेप थेट डुलुथहून आणला, दोन डब्यांचाच. थेंब टाकून पाहिले होते. ते कोब्यावर तसेच टपोरे बसून राहिले. पण यंत्रानं घासायचं तर रॉडनीचं ऐकल्यासारखं झालं असतं. मी झाडून, धुऊन सुरुवात केली.

दोन्ही डबे बादलीत कालवले, मागच्या भिंतीलगत एक पट्टा ओढला आणि शेजारचा ऑरव्हिल उगवला. तुला तो माहीत आहे. माणसाला दोन वाक्यं येतात, पावसाचं आणि मासेमारीचं, आणि दोन्ही संपत नाहीत. हाती काम आहे असं त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? मी रोलर खाली ठेवला. कॉफी घेणार का विचारलं. तो नको म्हणाला, मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतली. मग मांडीवर थाप मारून, चला निघतो आता, असं म्हणाला आणि दारात उभा राहून आणखी वीस मिनिटं बोलला. मी मान डोलावत होतो. मागे बादलीतून धूर यायला लागला. तो ऑरव्हिलनंच दाखवला, तेही आधी पावसाचा विषय पुरा करून.

लेप बादलीत दगड झाला. बादलीचं बूड वितळून कोब्याला चिकटलं. भिंतीलगतचा पट्टा आज नखानं उचलून पाहिला तर दुधावरच्या सायीसारखा निघून आला. पार्टीला तीन आठवडे उरलेत. मारेन ३१ तारखेला टेबलं कुठे मांडायची ते बघायला येणार आहे. ते बघून तोंड फिरवून निघून गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला माहीत आहे. आणि रॉडनीला फोन करायला हात उचलत नाही.

हे पत्र जाळलंस तरी चालेल, मला मात्र टाकू नकोस.
व्हर्लिन


फार्गो
२१ मे २००८

चि. व्हर्लिन यास,
आशीर्वाद, या खेपेला एकच.

गिरणीतल्या यंत्रांनी तुला एकतीस वर्षं कसं सहन केलं देव जाणे. एका माणसाला ‘थांब’ म्हणता येत नाही म्हणून घर पेटवून घेणारा आपल्या जातकुळीत तू काही पहिला नाहीस, पण सत्तरी ओलांडून असं करणारा तूच.

तुझा हात उचलत नाही, माझा उचलतो. रॉडनीला कालच पत्र टाकलंय. तो येईल. आल्यावर तोंड बंद ठेव, आणि उघडलंस तर नीट उघड.

माझ्या शिव्यांत काय असतं ते तुला ठाऊक आहे.
आर्डिस


क्लोके
९ जून २००८

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

रॉडनी आला. घासायचं यंत्र घेऊन आला, आणि आल्या आल्या बादलीचं चिकटलेलं बूड खरवडायला बसला. मला वाटलं होतं, चिठ्ठीची आठवण करून देईल. मी त्याच्या जागी असतो तर दिलीच असती. तीन संध्याकाळी त्यानं घासलं आणि मी धूळ ओढली, मग नवा लेप कालवला. ऑरव्हिल आला तेव्हा रॉडनीनं त्याला बाहेर खुर्ची मांडून दिली, हो हो म्हणत राहिला, आणि रोलर एकदाही थांबवला नाही. इतकं सोपं होतं!

फळीवरची पेटी त्याला दिसली. झाकण उघडून त्यानं स्क्रू पाहिले, झाकण लावलं, आणि पुन्हा रोलर घेतला. ताई, त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी स्क्रू कॉफीच्या डब्यात ओतले. पेटी पुसली, जवसाचं तेल लावलं.

मारेन ३१ला आली. दाराच्या रेषेबाहेरच उभी राहिली. कोबा राखाडी, गुळगुळीत, एक डाग नाही. तिनं विचारलं, बाबा, कसं झालंय? विचारताना माझ्याकडे बघत होती, कोब्याकडे नाही. रॉडनी खाली बसून रोलर पुसत होता, तो पुसायचा थांबला. पेटी मी पार्टीत सोल्वेगच्या आहेराची पाकिटं टाकायला आधीच टेबलावर मांडली होती. मी पेटीवर हात ठेवला आणि म्हणालो, वाईट नाही.

रॉडनी उठून बाहेर गेला आणि ऑरव्हिलशी मासेमारीवर बोलत बसला, अर्धा तास. मारेन आत आली, नव्या कोब्यावर बुटांसकट, घरच्यासारखी.

पार्टी झाली, ओव्हनमध्ये भाजलेला हॉटडिश संपला. पाकिटं सोल्वेग घेऊन गेली. पेटी आता माझ्या खोलीत खिडकीशी आहे, आणि जॉइसचा पत्र्याचा डबा रिकामा आहे. काल मारेननं येऊन स्वतःच्या हातानं झाकण लावलं.

बाबांपेक्षा मी एकानं मागे आहे. तेवढा वेळ मला मिळावा म्हणून आशीर्वाद दे.
तुझा,
व्हर्लिन