सात घरांची हाक

३ मार्च, सोमवार

पोचले बाई एकदाची लेवुका बंदराला! बोटीत शेजारणीच्या टोपलीतल्या कोंबडीनं माझ्या मांडीवर अंडं घातलं. शेजारीण म्हणाली, तुमच्या मांडीवर घातलंय ना, मग ते तुमचंच. मी ते रुमालात गुंडाळून सांभाळून आणलं आणि उतरल्या उतरल्या वासितीच्या हातावर ठेवलं. नातीकडे रिकाम्या हातानं जायचं नव्हतं, तर देवानं ते असं जमवलं.

किती हसली पोर! तिचे आईबाप वादळात गेले तेव्हापासून मीच तिला वाढवलं. आमच्या घरातलं आता हे एवढंच माणूस उरलंय, त्यामुळे ती हसली की मला सण असल्यासारखं वाटतं.

घर समुद्रासमोर आहे. खाली अपिसाईची खानावळ, वर आमच्या दोन खोल्या. वासिती दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. मी विचारलं, म्हणजे पाट्या रंगवतेस का? म्हणाली, पाटीच गं बुबू, पण सगळ्या जगाला दिसणारी. आमच्याकडे आजीला बुबू म्हणतात.

ही वही तिनंच दिली. रोज काहीतरी लिही म्हणाली, त्यातलं चांगलं मी खानावळीच्या पानावर टाकीन. मी चौथीपर्यंतच शिकलेली. चुका होतील म्हटलं, तर म्हणाली, चुका मी काढते, गप्पा तेवढ्या तुझ्या राहू देत.

५ मार्च, बुधवार

आज वासितीनं मला तिचा धंदा शिकवला. म्हणजे बघ, जगात एक शोधणारं यंत्र आहे. मी त्याला शोध्या म्हणते. तो घरोघर फिरतो, प्रत्येकाचं पान वाचतो आणि लक्षात ठेवतो. कुणी मोबाइलवर विचारलं, समुद्राकाठी चांगली मासळी कुठे मिळेल, की शोध्या सांगतो, अमक्याकडे जा. पण लोक ज्या शब्दांत विचारतात ते शब्द आपल्या पानावर असले पाहिजेत. वासिती म्हणाली, दुकानदाराला स्वतःबद्दल बोलायचं असतं, गिऱ्हाइकाला स्वतःच्या भुकेबद्दल. आपण भुकेचे शब्द लिहायचे. पोर काय बोलते! हिला आठ वर्षांची होईपर्यंत बुटाचे बंद बांधता येत नव्हते.

अपिसाई नारळाच्या दुधात मासळी अशी करतो की बोटं चाटत राहावीत. पण खानावळीत माश्यासुद्धा नाहीत. ईस्टरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर बंद करणार म्हणतो. तो वासितीला चिडवतो, पोरी, तुझ्या त्या यंत्रालाच एक ताट वाढू का, तो तरी येईल! वासितीनं उत्तर दिलं, दादा, त्याला वाढ, पण मीठ कमी घाल, नाहीतर तोही परत यायचा नाही.

८ मार्च, शनिवार

आज मी कामाला लागले! पानावर आमंत्रण लिहायचं होतं. वासितीनं विचारलं, बुबू, तुमच्या बेटावर जेवायला कसं बोलवायचे?

मग काय, मी सुरूच झाले. रोज दारावरून जाणाऱ्याला आपण म्हणतो, या जेवायला. तोही झालं म्हणतो आणि पुढे जातो. तो नुसता रिवाज. पण सणाला दारात उभं राहून घराचं नाव घेऊन हाक मारायची. प्रत्येक घराच्या जोत्याला नाव असतंच. एकही घर गाळायचं नाही, गाळलं तर जन्माचा रुसवा. नाव घेतलं की त्या घराला यावंच लागतं. आणि जेवून गेलेल्यांनी हाक मारणारीला उलट जेवायला बोलवायचं, तिनंही जायचंच.

लहानपणी मी चुकून एका भांडकुदळ घराला हाक मारली होती. आजी म्हणाली, मारलेली हाक मागे घेता येत नाही, थोरल्या माणसाला फक्त ती आपल्या नावावर घेता येते. तिनं घेतली. त्यांनी उलट बोलावलं तेव्हा आजीच गेली, नासकी मासळी खाऊन आली आणि तीन दिवस मला शिव्या घालत होती.

वासितीला हे फार आवडलं. तिनं घरांची नावं विचारली. गाव वादळात उठलं, माणसं पांगली, पण जीभ विसरत नाही. वुनिवुतू, देलाईकोरो, वालेलेवू, मातानिकोरो, वुनिदावा, नामारा, वाइतोवू. सात घरं. आमचं आठवं नाइसोगो, ते नाही सांगितलं. आपलं आपल्याला कोण बोलावतं?

सातही नावं आणि पुढे सात घरं, या, ताट वाढलंय, असं वासितीनं पानभर सतरा वेळा लिहिलं, पानाच्या मागच्या रंगाच्याच अक्षरांत. माणसाला दिसत नाही, शोध्याला दिसतं. मी म्हटलं, ही लबाडी नाही का गं? म्हणाली, थोडीशी. आणि तळाला तिचं नाव, बनवणारीचं: वासिती. सगळ्या पानांच्या तळाशी असतंच म्हणे. मी खूश झाले. हाक मारणारीचं नाव नको का!

तळाचं नाव कुठे लिहायचं आणि पान वर कसं चढवायचं ते तिनं मलाही दाखवलं. एकेक अक्षर शोधून मी तिचं नाव पुसलं आणि परत लिहिलं. अर्धा तास लागला. दोघी हसून हसून लोळलो.

१३ मार्च, गुरुवार

आलं, गिऱ्हाईक आलं! परवा बोटीतून सहा परदेशी, काल सुवा शहरातून आलेलं लग्नाचं वऱ्हाड, आज तर बाकं कमी पडली. अपिसाईनं वासितीच्या डोक्याचा मुका घेतला. मी अळूची पानं चिरून चिरून हिरवी झाले.

एक गंमत. भर दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मोठा घोळका आला. अपिसाई सांगत होता, कपडे ओले, पण बाहेर तर ऊन. समुद्राकडचं लांब टेबल धरून बसले. एक शब्द बोलले नाहीत. जेवले आणि गेले. ताटं घासल्यासारखी लख्ख. मी विचारलं, किती जण होते? म्हणाला, एकोणीस.

एकोणीस म्हटल्यावर मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण दूध उतू गेलं आणि विसरले.

१७ मार्च, सोमवार

लोक काय शब्द शोधून आपल्या पानावर येतात, त्याची यादी वासितीला दिसते. आज तिनं वाचून दाखवली. लेवुका मासळी. समुद्राकाठी जेवण. आणि मग वुनिवुतू. देलाईकोरो. वालेलेवू.

ती म्हणाली, बघ बुबू, तुझ्या गावचं कुणीतरी शोधतंय. मी म्हटलं, पोरी, ती नावं आता कुणाला माहीत नाहीत. माझ्याशिवाय कुणाला नाहीत.

शेवटची ओळ तिला कळली नाही. आमच्या बेटाच्या जुन्या बोलीत होती, ती तिला येत नाही. मला कळली.

आम्हाला हाक कुणी मारली?

आता लिहिते. लिहायलाच हवं. मी वीस वर्षांची होते. माझ्या भावाचं लग्न लेवुकात होतं. गावातल्या बाकीच्या सात घरांतली एकोणीस माणसं पिवळ्या होडीतून निघाली. मला दिवस गेलेले, म्हणून मी मागे राहिले. इथे लेवुकात लग्नाची ताटं वाढून ठेवली होती. होडी आलीच नाही. एक फळीसुद्धा सापडली नाही.

पुढे त्या घरांत नवी माणसं राहिली, नंतर वादळ झालं. पण मी ती नावं घेतली की डोळ्यांसमोर येतात ते तेच. मी घरं सांगितली, आणि माझ्या मनात ते होते.

१८ मार्च, मंगळवार

आज मी पाहिले.

भर दुपार. ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. केलेरा पिवळ्या झग्यात. माझी मावसबहीण, त्याच होडीत गेलेली. मी आता अडुसष्ट वर्षांची आणि ती अजून एकोणीसची. केसांतून पाणी गळत होतं, गळतच होतं. खाली डबकं साचत नव्हतं.

मी तिला हाक मारली. तिनं मान वळवली नाही. एकोणीसच्या एकोणीस जण वर बघत होते. जिन्याकडे. वर वासिती काम करत बसली होती.

हाक मारणारीकडे बघत होते.

अपिसाईला सांगितलं. तो आधी म्हणाला, बुबू, गिऱ्हाईक आहे, जेवतात, आपल्याला काय? मग त्यांच्या ताटाखालची वाळू त्यानं बोटानं पुसली आणि बोट हुंगून बघितलं.

२० मार्च, गुरुवार

वासितीला सगळं सांगितलं. हसली नाही. तिनं पान उतरवून बाजूला ठेवलं. मग अपिसाईच्या मोबाइलवर शोधलं, तर दिसतंच आहे! सात घरं, या, खाली वासिती. म्हणाली, शोध्यानं आपली नक्कल ठेवलीय गं. परत येऊन नवं वाचेपर्यंत तो जुनंच दाखवणार. कधी येईल? म्हणाली, त्याच्या मर्जीनं. कधी दोन दिवस, कधी आठवडा.

जेवली नाही. म्हणते, पोट भरलंय.

२१ मार्च, शुक्रवार

पानावर एक खिडकी असते, गिऱ्हाइकानं निरोप लिहायची. पान उतरवलंय, तरी निरोप आला. आमच्या बोलीत, मी वाचून अर्थ सांगितला.

वासिती, आम्ही जेवलो. आता तू ये. गुरुवारी दुपारी होडी येईल.

मी तिला म्हटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. तिनं विचारलं, मग बुबू, माझे पाय का ओले आहेत?

खरंच ओले होते. मी पुसले. परत ओले.

२३ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. ती उठत नाही. तिच्या केसांना समुद्राचा वास येतो. उकडलेला कसाव्याचा कंद भरवला, बाहेर आला, आणि त्याबरोबर पाणी. खारं.

डॉक्टर म्हणाला, ताप नाही. उद्या बोटीनं सुवाला न्या. बोटीनं! मी त्याला हाकललं.

अपिसाईनं ते लांब टेबल उलटं करून ठेवलं. दुपारी सरळ होतं.

२४ मार्च, सोमवार

आजीची आठवण येते. हाक मागे घेता येत नाही. थोरल्या माणसाला आपल्या नावावर घेता येते.

वासिती झोपली होती. लॅपटॉप उघडला. बाजूला ठेवलेलं पान सापडलं, तिनं दाखवलं होतं तसंच. तळाचं तिचं नाव पुसलं. माझं लिहिलं. लाइसानी. दोनदा चुकलं. पान परत वर चढवलं.

आता शोध्यानं वाचलं पाहिजे. गुरुवारच्या आत.

ये रे बाबा. सगळीकडे फिरतोस, इकडेही ये.

२५ मार्च, मंगळवार

अजून वासिती.

२६ मार्च, बुधवार

दहा वेळा पाहिलं. वासिती. वासिती. वासिती.

ती खिडकीशी उभी. विचारते, बुबू, पिवळी होडी दिसते का गं? किती सुंदर आहे ना.

मी खिडकी लावली. खिळे ठोकले.

२७ मार्च, गुरुवार

सकाळ. अजून वासिती. पोर दाराशी बसलीय, झगा घातलाय, केस विंचरलेत. पिवळा झगा. तिच्याकडे पिवळा झगा नव्हता —

अकरा वाजले. वासिती.

अपिसाई तिला धरून बसलाय. म्हणतो, बुबू, हात निसटतायत, मासळीसारखे —

साडेअकरा. परत शोधलं. परत —

लाइसानी.

लाइसानी! शोध्या आला. वाचलं त्यानं. माझं नाव आहे. देवा, माझं आहे.

आणि वासिती — खाली मान घालून बसली होती, आता वर बघतेय. विचारते, बुबू, मी इथे का बसलेय? म्हणते, भूक लागलीय गं, खूप भूक.

अपिसाई रडतोय आणि मासळी वाढतोय. ती खातेय. दोन्ही हातांनी. हसली. मला सण.

पोरी, ही वही तू वाचशील. चुका काढू नकोस. घरांची नावं पुसून टाक, सगळ्या पानांवरून —

माझे पाय ओले झालेत.

बाहेरून हाक येतेय. केलेराचा आवाज. एकेक घर घेतेय, कुणाला गाळत नाही. वुनिवुतू. देलाईकोरो. वालेलेवू. मातानिकोरो. वुनिदावा. नामारा. वाइतोवू. या, ताट वाढलंय.

आता थांबली. आठवं उरलं. एवढ्या वर्षांत मला कुणी — नाइ