आक्कांचं ओंजळभर मीठ

रविवार, माघी पौर्णिमा. संध्याकाळ.

हसून पोट दुखतंय, तरी लिहून ठेवतेच. वाडीत आता नऊच घरं उरलीत, बाकीची कोल्हापूर-पुण्याला गेली. एके काळी देवीच्या भंडाऱ्याची पंगत शाळेच्या पायरीपर्यंत जायची. यंदा आमटी लहान पातेल्यात केली. थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या आक्कांनी, मीठ मात्र जुन्या भरल्या वाडीच्या मापानं टाकलं. चांगलं ओंजळभर. घोट घशाखाली उतरेना.

"आता काय करायचं, आक्का?"

"काय करायचं? डाळ वाढीव, पाणी वाढीव. मोठा हंडा काढ."

हंडा काठोकाठ भरला. भातही वाढवला. पण एवढं खाणार कोण? मग आक्का स्वतःच खालच्या माळावर ऊसतोड्यांच्या खोपटांकडं गेल्या. "पावणं, जेवाय चला. आमटी लई झालीया."

तीस-चाळीस माणसं आली, पोराबाळांसकट, लाजत. पंगत पार शाळेच्या पायरीला टेकली. त्या पायरीवर कुणी जेवताना किती वर्षांनी बघितलं मी?

भांडी घासताना राहवलं नाही. विचारलं, "आक्का, मीठ खरंच चुकून पडलं?"

"व्हय की," म्हणाल्या. "फुडच्या वर्षीबी पडंल."