तुझ्या हाताचा वेढा

तीर्थरूप दादास,

तीर्थं दुर्गमच असावीत, हे तू फारच मनावर घेतलेलं दिसतंय. अण्णा गेल्याचं तुला तीनदा कळवलं; तू आला नाहीस.

माणूस गेलं की त्याच्या नावाने तांब्याच्या तारेची टोपली विणायची आणि प्रत्येक मुलाने तिला आपल्या हाताचा एक वेढा घालायचा, ही आपल्या घरची रीत तू विसरला नसशील. माझा वेढा घालून झाला. तुझ्यासाठी सोडलेली तारेची टोकं महिनाभर तशीच उभी होती. आईला आता दिसत नाही, पण ती रोज टोपली चाचपायची आणि हात मागे घ्यायची.

परवा दुपारी ती झोपलेली असताना तुझा वेढा मीच घातला. तुझ्यासारखाच, डाव्या हाताने, उलटा पीळ देत. सव्यसाची म्हणजे दोन्ही हात सारखे चालणारा, असं पंचवीस वर्षं वर्गात शिकवतोय. परवा बोटांतून रक्त आल्यावर तो शब्द मला समजला.

उठल्यावर तिने कड चाचपली. "तो आला होता होय रे? मला उठवायचं नाही का?"

"झोपमोड नको म्हणाला."

"वाळलाय का?"

"कुठला! पोट सुटलंय."

ती हसली. अण्णांचा चष्मा तिने स्वतःच्या हाताने टोपलीत ठेवला. म्हणाली, "माझ्याही टोपलीला येईल तो."

हे वाचून तू खरंच आलास, तर तिला काय सांगू? म्हणून पत्र टाकत नाही. पण तिच्या टोपलीला तुझा वेढा मी घालणार नाही, दादा. तेव्हा फसवायला घरात कोणी उरलेलं नसेल.

तुझा,
बोटं सोलवटलेला धाकटा