कोंडवाड्यातली गाडी

मास्तर, तुमच्याकडे गाडी शिकायला मला खरं काय लागलं, याचा हिशेब एकदा मांडायचाच होता. फी तुम्ही घेतली नाहीत. पण एका अख्ख्या हिवाळ्यातली रविवारची झोप गेली, तुमच्या जुन्या गाडीचा क्लच गेला, आणि सतत बडबड करायची माझी सवय गेली. हे शेवटचं सगळ्यात महाग पडलं, कारण बडबडीशिवाय तेव्हा माझ्याकडे दुसरं भांडवलच नव्हतं. लंडनला वेम्बलीतल्या एका गोदामात तांदळाची पोती उचलत होतो. तुम्ही कुठल्या शाळेत मास्तर नव्हतात, पण इथल्या निम्म्या मराठी घरांना तुम्ही गाडी शिकवलीत, म्हणून सगळ्यांचे मास्तर. तुमची रीत न्यारी होती. गाडी जरा रस्त्याला लागली की तुम्ही खिशातला रुमाल काढून स्पीडच्या काट्यावर टाकायचात आणि विचारायचात, किती? मी म्हणायचो, तीस. तुम्ही रुमालाचं टोक उचलून बघायचात. "अडतीस. कान कुठे गहाण टाकलेस रे?" काच खाली, रेडिओ बंद, तोंड बंद. डोळे रस्त्यावर ठेवायचे आणि काटा कानाने वाचायचा. वसंत येईपर्यंत मला रुमालाखालचा आकडा सांगता यायला लागला होता.

तुमच्या हाताखाली शिकून परीक्षा पास झालो आणि तुमचीच गाडी एका संध्याकाळी मागून घेतली. नॉर्थ सर्क्युलरच्या हमरस्त्यावर एकाला भरधाव ओव्हरटेक केलं, ते नेमकं तुमच्या कोणा विद्यार्थिनीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात काकू पोळ्या लाटत होत्या, तुम्ही हात पुढे केलात आणि मी किल्ली तुमच्या तळहातावर ठेवली. मग तुम्ही गावच्या कोंडवाड्याची गोष्ट सांगितलीत. दुसऱ्याच्या शेतात शिरलेला बैल तिथे डांबायचे. सोडवायला मालकाने स्वतः यायचं, गड्याला पाठवलेलं चालायचं नाही. सगळ्या गावासमोर मान खाली घालून दावं हातात घ्यायचं. दंड किती का असेना, तुम्ही म्हणालात, खरी शिक्षा ती. काकूंनी माझ्यासमोर गरम पोळी आणि गूळ ठेवला. किल्ली मात्र उन्हाळा सुरू होईपर्यंत मिळाली नाही.

त्या कानांवर मी मालवाहतुकीचा धंदा उभा केला, मास्तर. एक व्हॅन, मग चार, मग यार्ड. अजूनही मी ऑफिसात चहा पीत बसलेला असतो आणि व्हॅन फाटकातून आत यायच्या आत मला कळतं कुणाचे ब्रेक घासलेत आणि कोण घाईत आलाय. माझे ड्रायव्हर मला घाबरत नाहीत, माझ्या कानांना घाबरतात. स्टॅनमोरला घर झालं. तुम्ही ते पाहिलं नाहीत. त्याआधीच ईलिंग रोडजवळच्या झेब्रा क्रॉसिंगवर एका पोराने तुम्हाला उडवलं. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा काकूंच्या मांडीवर ती पिशवी होती, आणि मेथी निवडायची राहिली असं काहीतरी त्या म्हणत होत्या. कोर्टात त्या पोराचं लायसन्स काही काळासाठी काढून घेतलं. केस संपली आणि गाडी परत दिली, ती नेताना मी ऐकली होती. त्याच वर्षी त्याचा भाऊ तीच गाडी त्याच रस्त्यावरून चालवत होता. इंजिनाच्या आवाजावरून मी ओळखली, नंबर बघायचीही गरज पडली नाही. काकू तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लायसन्स म्हणजे कागद. मारलं ते त्या गाडीने. ती घरी कशी गेली?"

ते वाक्य मी उचललं आणि वर्षानुवर्षं वाजवलं. मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, कौन्सिलच्या मीटिंगमध्ये, जिथे माइक मिळेल तिथे. दंड ठोकून काही होत नाही, पैसेवाल्याला दंड म्हणजे पार्किंगची पावती. गाडी उचला. माझ्या हातात असतं तर अशी प्रत्येक गाडी मी चिरडून तिचा ठोकळा केला असता, मग ती कुणाच्याही बापाची असो. हे कुणाच्याही बापाची म्हटलं की टाळ्या पडायच्या. पुढे कायदा आलासुद्धा. वेडाचार करून गाडी हाकली, ताकीद मिळूनही सुधारला नाहीत, तर पोलीस रस्त्यातच गाडी ताब्यात घेतात आणि आवारात नेऊन ठेवतात. मुदतीत मालक आला नाही तर मोडीत. लोक मला म्हणायचे, तुमचाच कायदा आला. मीही हसून मान डोलवायचो.

आता ऐका. माझा मुलगा पंचेचाळिशीचा आहे. इथेच जन्मला, शहरात मोठ्या पगाराची नोकरी, आणि मराठीत अजून टेबल तो, ती की ते हे त्याला ठरवता येत नाही. त्याने विजेवर चालणारी गाडी घेतली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, घरातली मोठी वस्तू वडीलधाऱ्यांच्या नावावर घ्यायची. पैसे त्याचे, कागद माझ्या नावाचे. बायकोने घरासमोरच्या ड्राइव्हवर नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारचा इंग्रज कुंपणावरून विचारत होता की ह्याने मायलेज वाढतं का. गेल्या शरदात नातीला मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत सोडून आम्ही दोघं बापलेक परत येत होतो. एम-वन महामार्ग मोकळा. मी शेजारच्या सीटवर. दुपारचं ऊन होतं आणि मी नुकतंच त्याला म्हणालो होतो, काय शांत गाडी आहे रे, पोटातलं पाणी हलत नाही. आणि मागे निळे दिवे दिसले.

पोलीस पोरगी माझ्या नातीहून जरा मोठी असेल. अतिशय सभ्य. तिने मला विचारलं की तुम्हाला काय वाटलं, किती वेगात होतात? मी कान टवकारून जगलेला माणूस, बेधडक सांगितलं, सत्तर मैल, कायद्याने चालतं तेवढंच. तिने आकडा दाखवला. शंभराच्या कितीतरी पलीकडे. मी मुलाकडे पाहिलं, तो बुटांकडे पाहत होता. मग कळलं की त्याला आधी एकदा ताकीद मिळाली होती आणि ती घरात कुणाला सांगितली नव्हती. गाडी कुणाची, तिने विचारलं. त्याने माझ्याकडे बोट केलं. ट्रकने गाडी पुढून उचलली तेव्हा बॉनेटवरचं कुंकू अजून होतं. ती मला म्हणाली, आतल्या माणसाला काही जाणवत नाही सर, बाहेर उभ्या असलेल्याला जाणवतं. मास्तर, मला मेथीची पिशवी आठवली आणि मी त्या पोरीला थँक्यू म्हणालो.

घरी आल्यावर मी जाहीर करून टाकलं, मी सोडवायला जाणार नाही. ठोकळा होऊ दे. बायको म्हणाली, तमाशा नको, घेऊन या. मी ऐकलं नाही. मुदत संपत आली तेव्हा तो एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. वाटलं, माफी मागेल. मागितली, तशी. मग चहाचा कप फिरवत म्हणाला, "बाबा, गाडी तुमच्या नावाचा आहे. You decide. पण दिवाळीला मंडळात सगळे विचारतील, नवीन गाडी कुठे गेला? मग तुम्ही काय सांगणार?"

आवाज चढवला नाही, डोळा वर केला नाही. मी आयुष्यभर असेच सौदे केलेत, समोरच्याची दुखरी जागा आधी शोधायची आणि मग किंमत त्यालाच बोलायला लावायची. माझंच हत्यार माझ्या टेबलावर, माझ्याच कपात चहा पीत. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो तुमचा. तुम्ही मला गाडी ऐकायला शिकवलंत, ह्याला मी काय शिकवलं?

शेवटी गेलोच. गाड्या डांबायचं ते आवार इंडस्ट्रियल इस्टेटच्या टोकाला आहे. जाड काचेमागे एक बाई बसते. समोर रांग. मास्तर, त्या रांगेत पोरं फारशी नव्हती, बाप होते. पगडीवाले, टोपीवाले, एक धिप्पाड आयरिश. सगळ्यांच्या हातात कागद आणि सगळ्यांची नजर लादीवर. पोरं बाहेर गाड्यांत बसून फोन बघत होती. तुमच्या गावात मालकाला मान खाली घालावी लागायची म्हणून बैल पुन्हा उधळत नसे. इथे बैल बाहेर फोन बघतो आणि मान खाली दुसराच कुणी घालतो. सही केली. येताना मीच चालवली, हट्टाने. एका सिग्नलला थांबलो तेव्हा रुमाल काढून त्या भल्यामोठ्या स्क्रीनवर टाकला, दिवा हिरवा झाला, काच खाली केली आणि ऐकायला लागलो. काही नाही. जरासं वारं, बस.

यंदाच्या गणपतीत मंडळाने मला रस्त्यांवर दोन शब्द बोलायला सांगितलं. बोललो. काकूंचं वाक्यही बोललो. काकू गेल्याला आता बरीच वर्षं झाली, नाहीतर हे पत्र तुमच्याऐवजी त्यांना लिहिलं असतं आणि तेही असंच ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं. कुणाच्याही बापाची असो, म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. मुलगा मागच्या रांगेत उभा होता, तोही वाजवत होता.

गाडी दारात उभी आहे. आज सकाळी चार्जिंगला मीच लावली.