मस्कतच्या गाण्याचं शेवटचं कडवं

४ मे, रोहा
निडी गावच्या लग्नात पुन्हा तेच! बँजोवर माझं गाणं — 'मस्कतला गेला गो साजण, दारात मी उभी.' पोरं नाचतायत नुसती. कॅसेटवर छापलं होतं 'पारंपरिक'. पारंपरिक म्हणे! मी अजून जिवंत हाय.

५ मे
सहरला मस्कतच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली! नात पेढे घेऊन आली, तर तिच्या बापानं डबा उघडू दिला नाय. "एकटी पोरगी परदेशात? नाय म्हणजे नाय." लेक माझाच, मुनाफ. वर मलाच ऐकवतो, "अम्मी, तुझ्या गाण्यात बाई दारातच थांबते ना?"
अंगाचा तिळपापड झाला. सहर जेवली नाय.

६ मे
थांबते? डोंबल! नवं लग्न, नवरा फारुख मस्कतला. पत्रात मनातलं लिहायची सोय नाय, घरी आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र सासरे वाचायचे. म्हणून नणंदेच्या हळदीत गाणं रचून गायले. शेवटचं कडवं होतं —
'सरक राजा, सरक जरा,
इमानात मलाही जागा.'
त्या कडव्यासाठीच तर सगळं गाणं! पेणच्या धनेश बँजोवाल्यानं कॅसेट काढताना तेच गाळलं. "वहिनी, बाई दारात उभी असली की लोक रडतात. विमानात बसली तर कोण रडणार?" मी भांडले. तो दात काढत बसला.

९ मे
शेजारच्या अफानची हळद. माईक हिसकावला! शेवटचं कडवं गायले, आवाज फाटला तरी गायले. बायकांनी असल्या टाळ्या वाजवल्या! मुनाफ "अम्मी, बस कर" म्हणत धावला. सगळ्यांदेखत म्हटलं, "गाणं माझं हाय. त्यात कोण थांबतं न् कोण जातं, ते मी सांगणार. सहर जाणार!"
फारुख खुर्चीत मान खाली घालून बसलेला. माझी लाज वाटली असेल. वाटू दे!

१० मे
फारुखनं मुनाफला समोर बसवलं. "पोरीला जाऊ दे. अडवायचं नाय." आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलला. सहर मला येऊन बिलगली. जिंकलो गो, जिंकलो!

११ मे
सकाळी फारुख म्हणाला, "ती कॅसेट मी तिकडे रोज लावायचो. वाटलं, हिला दार सोडायचंच नाय. म्हणून विचारलं नाय कधी. दोघांची खोली बघून ठेवलेली, शरीफा. मग सोडून दिली."