दाढ्याच्या मिशा

२ नोव्हें., रवि. दातिवरे
बाबांच्या होडीचं जुनं शीड ओटीवर अंथरलं. धुऊन धुऊन मऊ झालंय. बाबांच्या जाळ्यात यायचे ते सगळे मासे त्यावर उमटवायचे. मासा कोरडा पुसायचा, शाई लावायची, कापड वर टाकून दाबत जायचं. खवला न् खवला येतो. आज बोंबील, मांदेली, दोन पापलेटं. तळहाताएवढी.
बाबा खुर्चीतून, "ही पापलेटाची पोरं हायत. आमी असली सोडून द्यायचो."
मधोमध दाढा माशाची जागा रिकामी, दीड हात. महिनाअखेर कापड मुंबईच्या प्रदर्शनाला जायचंय. विषय प्रदर्शनवाल्यांचाच, तापणारा समुद्र. बाबा म्हणतात, "कापडावर काडून तो गार होनार हाय काय?" हसले, मग खोकला. बराच वेळ.

५ नोव्हें., बुध. बोईसर
आठवी ब, स्थिरचित्र शिकवत होते. लक्ष नव्हतं. होडी आता दादा नेतो, म्हणून मधल्या सुट्टीत त्यालाच फोन.
"दाढा? बाय, चार वर्षांत एक नाय लागला. जेलीफिश भरतात, नायतर तो काळा, दातांचा मासा. जालं फाडतो, वर कोन खात पन नाय."
लांब गेलास तर? "लांब म्हंजे किती? परवा दोन दिवस गेलतो." फोन ठेवला.

८ नोव्हें., शनि. बोईसर
मिळाला!! बाजारात, बर्फात. मासेवाली मावशी म्हणाली दाढाच आहे, डोळे झाकून घे. घेतला. कापड इकडे आणलेलं ते बरं झालं. आधी कागदावर तीनदा, मग कापडावर. असा ठसा माझ्या हातून कधी आला नव्हता. कल्ला, शेपटी, गळ्याखालच्या मिशा, सगळं. वेड्यासारखी एकटीच बडबडत होते.

९ नोव्हें., रवि. दातिवरे
बाबांना दाखवला. जवळ धरला. मिशांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.
"चार."
हो, म्हटलं.
"दाढ्याला पाच असतात, बाय. ह्यो रावस हाय."
कोळ्याची पोर मी. वय बेचाळीस. रावस-दाढा कळेना.
वहिनी म्हणाली, "ब्रशनं पाचवी ओढा की. लोकांना काय कळतंय?" बाबा भडकलेच. "खोटी मिशी लावनार असलीस तर शीड ठेव इथं. मी पांघरीन."
मी घरात पाहिलेला शेवटचा दाढा, तेव्हा मी कॉलेजात. नाक मुरडून म्हटलं होतं, मला नको, हाताला वास राहतो. कालवण तसंच पडून राहिलं.

१६ नोव्हें., रवि. दातिवरे
बाबा आठवडाभर अंथरुणात. डॉक्टर म्हणे फुप्फुसं थकलीत, घरीच ठेवा.
दादाने टप आणून आदळला, आत जेलीफिश. "घे, आजचा मासा. काड चित्र." चेष्टाच होती. मी खरंच शाई लावली, जुन्या चादरीच्या तुकड्यावर दाबली. नुसतं पाणी. शाई पसरली, आकार नाही, काही नाही. दादा हसत होता. मग त्यानेच टप उचलून नेला.
मला फार भीती वाटते आहे. कशाची, बाबांची की या सगळ्याची, कळत नाही.

२३ नोव्हें., रवि. बोईसर
प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन. फोटो पाहून खूश. रावसाचं सांगितलं. "अहो, दाढाच लिहू. मिशा कोण मोजणार आहे?" मी बरं म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

२९ नोव्हें., शनि. दातिवरे
शाळेतून रजा. बाबांना अधूनमधूनच शुद्ध. दुपारी एकदम डोळे उघडून, "दाढा गावला?"
"गावला, बाबा."
तोंडातून गेलंच. बाबा इतके खूश! हात धरला माझा. "कुटं? किती वाव पान्यात? मायला, मी सांगत व्हतो ना, येतील परत! दादाला सांग, उद्या तितंच टाक जालं."
दादा उशाशीच होता. माझ्याकडे बघितलं. "व्हय बाबा. जातो."

३० नोव्हें., रवि.
उजाडताच दादा खरंच गेला. म्हटलं, अरे, तुला माहितीये ना? तर म्हणतो, "मला म्हाईत हाय. त्यांना नाय ना." नि होडी ढकलली.
बाबा जागे आहेत. दर थोड्या वेळाने विचारतात, आली का होडी. नाही अजून, म्हणते.
अकराला टेम्पो येईल कापड न्यायला. माशाच्या नावाची चिठ्ठी अजून कोरीच आहे.