डावीकडचे बाबा

११ जानेवारी
ठरलं! बाबांच्या आठवणीत रविवारी चालायचं. डेपोपासून दवाखान्यापर्यंत. जमेल ती देणगी रुग्णवाहिकेसाठी. बस कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून बाबा गेले. प्रवासी सगळे सुखरूप. रुग्णवाहिका मात्र आली ती सगळं संपल्यावर.
आई म्हणाली, "हे कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरनं जायचे. त्यांच्या नावानं चालायचं?"
खरंच की. पत्रकातलं 'चालण्याची आवड होती' हे वाक्य मी खोडलं. खोटं कशाला?

१५ जानेवारी
शर्टावर बाबांचा फोटो हवा. फोटो म्हटला की ते पळायचे! एकच बरा सापडला — डेपोतला, शेजारी कंडक्टरकाका. छपाईवाल्याला तीनदा बजावलं, "फक्त डावीकडचे."
"ताई, कळलं हो!"
तरी धाकधूक. घरात शिकलेली मी पहिलीच; माझी चूक शिक्षणाच्या नावावर जाते.

१६ जानेवारी
पुन्हा फोन केला. उचलला नाही.

१८ जानेवारी
गठ्ठा आला. सगळ्या शर्टांवर कंडक्टरकाका! हसरे, ठसठशीत. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.
बाबा काकांच्या डाव्या हाताला उभे, म्हणून मी 'डावीकडचे' म्हणाले. माणसाची डावी बाजू ती त्याचीच ना? छपाईवाला म्हणतो, "ताई, फोटो आपण बघतो. फोटो आपल्याला बघत नाही."
आई — "एवढी शिकलीस, आणि बाप बदलून आणलास!"
पुन्हा छापायला वेळ नाही. रद्दच करते म्हटलं. सगळ्यांनी बाबांना एकदा नीट बघावं, एवढंच तर हवं होतं मला.
संध्याकाळी काका आले. शर्ट चढवून आरशासमोर उभे. "वहिनी, बरा दिसतोय की मी! मेल्यावर हे बघायला मिळालं नसतं." मग माझ्याकडे वळून, "रद्द नको, पोरी. मी पुढे चालतो. विचारेल त्याला सांगतो — हा मी, गेला तो माझा ड्रायव्हर."

१९ जानेवारी
चाललो. पायांचे तुकडे पडले! काकांना बघून एक आजीबाई किंचाळल्याच. एका गृहस्थानं काकांचाच हात हातात घेतला — "फार चांगला माणूस होता हो."
"होता खरा," काका म्हणाले.
दर थोड्या अंतरावर थांबून ते बाबांबद्दल बोलत राहिले. देणगीचा डबा गच्च भरला. लोक हसले, रडले. मी मात्र गळ्यापर्यंत जाकीट लावून चालले. एवढ्या गर्दीत बाबा तेवढे कुठेच नव्हते.

२० जानेवारी
आईनं शर्ट धुवायला घेतला आणि तशीच बसून राहिली. "इकडे ये."
चित्रात काकांच्या खांद्यावर चार बोटं. मधल्याचं नख काळं — बसच्या दारात चेपलेलं.
शर्टाची घडी घातली तिनं. न धुताच.